आयुष्यभर विरोधी बाकावर बसणारा वकील तालुक्याला काय देतो? (भाई गणपतराव देशमुख आणि सांगोला)

सात_रस्ता

"विरोधी आमदार निवडून देऊन काय करायचंय, फंड तर सत्तेवाल्यालाच मिळतो की." सोलापुरात कुठलीही निवडणूक आली की हे वाक्य टपरीटपरीवर ऐकू येतं आणि बहुतेकांना पटतंही. मग सांगोल्याचं काय करायचं?

आपल्याच जिल्ह्यातल्या या तालुक्यानं एका वकिलाला, एकाच पक्षाकडून (शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप), अकरा वेळा विधानसभेत पाठवलं. १९६२ आणि १९६७ ला निवडून आले. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला फक्त १९२ मतांनी पडले. पुन्हा १९९९, २००४, २००९, २०१४. २०१९ ला स्वतःच थांबले आणि ३० जुलै २०२१ ला इथं सोलापुरातच गेले. मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, म्हणजे सांगोल्याला ते तसे बाहेरचेच.

या सगळ्यात सत्ता किती? जुलै १९७८ ते फेब्रुवारी १९८० शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार, आणि १९९९ ते २००२ विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पणन व रोजगार हमी. दोन्ही मिळून चार वर्षांहून थोडं जास्त. बाकीची सगळी कारकीर्द समोरच्या बाकावर.

त्यांच्या साधेपणावर भरपूर लिहून झालंय. एसटीनं फिरायचे, बडेजाव नव्हता, पक्ष सोडला नाही. सगळं खरं. पण साधा माणूस म्हणून लोक एकदा निवडून देतील, दोनदा देतील. अकरा वेळा देणार नाहीत. माझं म्हणणं असं की एसटीच्या कौतुकात आपण त्यांच्यातला वकील विसरलो. विरोधी आमदाराकडे फंड नसतो, कागद असतो. नियम, कायदा, आश्वासन, लवादाचा निवाडा. तो कागद कसा वापरायचा हे ज्याला कळतं तो विरोधात बसूनही काम करून घेतो.

पटतंय का? विशेषतः सांगोला-आटपाडीकडच्यांनी लिहा. कोर्टात वावरणाऱ्यांनीही.

पूर्वभाग

विरोधी कसले ओ? दोनदा मंत्री झाले की. पवारसाहेबांचं सरकार आलं की आत, गेलं की बाहेर. आमच्या अशोक चौकात याला विरोधक म्हणत नाहीत, "जवळचा विरोधक" म्हणतात.

सात_रस्ता

@पूर्वभाग, दुसऱ्यांदा आत गेले तेही बऱ्याच पक्षांच्या मोळीतलं एक लाकूड म्हणून, आणि २००२ च्या जूनमध्ये शेकापनं पाठिंबा काढल्यावर बाहेर आले. मंत्रिपद धरून बसायचं असतं तर पक्ष सोडायला कुणी अडवलं होतं?

कोर्टाची_पायरी

धागा चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निम्मं आयुष्य काळ्या कोटात गेलंय, त्यामुळे थोडं लांबेल.

वकील माणूस राजकारणात गेला की लोकांना वाटतं, हा भाषण चांगलं ठोकणार. तालुका कोर्टातला वकील भाषण ठोकत नसतो. त्याचा दिवस सातबाऱ्यात जातो. वहिवाट कुणाची, बांध कुणी कोरला, कुळाचं नाव का लागलं नाही, वारसनोंद कुठं अडली, बुडित क्षेत्राचा मोबदला कमी का आला. अशा कामातून दोन सवयी लागतात. एक, समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून त्यातला कामाचा तेवढा भाग वेगळा काढायचा. दुसरी, तोंडी काही मानायचं नाही, लेखी मागायचं.

विधानसभेत या दोन्ही सवयी सोन्याच्या. तिथली आयुधं बघा. तारांकित प्रश्नाला मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. म्हणजे ती उलटतपासणीच. फरक एवढाच की साक्षीदार मंत्री असतो. नियम १०५ ची लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), नियम २९३ खालची चर्चा, अर्थसंकल्पी मागण्यांवरची कपात सूचना, अर्धा तास चर्चा. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे आश्वासन समिती. मंत्री सभागृहात "करतो", "तपासून बघतो" म्हणाला की ते आश्वासन नोंदलं जातं आणि पुढं काय झालं हे समिती विचारू शकते. नवखा आमदार मंत्र्याचं "करतो" ऐकून बाक वाजवतो. मुरलेला आमदार ते "करतो" कामकाजात आलं का, हे आधी बघतो.

गणपतराव १९७७-७८ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. आज विरोधी पक्षनेता म्हटलं की मंत्र्याचा दर्जा, गाडी, बंगला असं चित्र येतं. राज्यात विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांचा कायदा आला तो १९७८ चा. या कायद्यात १० टक्के आमदारांची अट शोधायला जाल तर सापडणार नाही. विरोधातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच आहे. २०२४ नंतर विरोधी पक्षनेतेपदावरून जो घोळ चाललाय त्यात टीव्हीवर दोन्ही बाजूंनी दहा टक्के, दहा टक्के असा जप होतो. मूळ कलम कुणी उघडून बघत नाही. असो, हा माझा दुखरा भाग आहे.

चटणीभाकरी

पायरीकाका, एवढं सविस्तर पहिल्यांदाच वाचतोय. कपात सूचना म्हणजे नक्की काय करतात हो? पैसे खरंच कापले जातात का?

कोर्टाची_पायरी

कापले जात नाहीत. सरकारकडं बहुमत असतं, सूचना फेटाळली जाते. पण एखाद्या खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा असं म्हणण्याच्या निमित्तानं त्या खात्यावर बोलायचा हक्क मिळतो. विरोधकाला बोलायला कारण लागतं, ते कारण या सूचनेतून मिळतं.

माणकाठ_सांगोला

राम राम मंडळी. आमच्या तालुक्याचा विषय निघाला म्हणून लिवतो.

तुमी सोलापूरवाल्यांना उजनी म्हायती. भीमेवर धरण, ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, कालवे, ऊस. सांगोला त्याच जिल्ह्यात, पण आमच्या वाट्याला माण नदी. माण म्हंजी वर्षातले बहुतेक दिवस वाळू. नीरा उजव्या कालव्याचं पाणी काही गावांना लागतं, ते बी टेलला, म्हंजी कालव्याच्या शेवटाला, असल्यामुळं वर सगळ्यांचं भागल्यावर. पिण्याचं पाणी शिरभावीच्या योजनेवर, ऐंशीच्या वर गावं एका योजनेवर.

आता आबांनी काय केलं? (आमी त्यांना आबासाहेबच म्हणतो.) धरण बांधलं न्हाई, ते सरकारच्या हातात. पण १९९३ ला आटपाडीला पाणी संघर्ष परिषद सुरू झाली. चळवळीतले नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा. तेरा दुष्काळी तालुके. दरवर्षी परिषद, ठराव, मोर्चा, मंत्र्याकडं बैठक. तवा लोक हसायचे. कृष्णेचं पाणी कराडजवळून उचलून टप्प्याटप्प्यानं चढवत माणदेशात आणायचं म्हंजी काय गंमत वाटली व्हय? टेंभू योजना आज चालू हाय. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ करत करत आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला पाणी आलं. उशिरा आलं, कमी आलं, पण आलं.

पाणी आल्यावर पुढचं भांडण वीजबिलाचं. उपसा योजना म्हंजी पंप आणि पंप म्हंजी बिल. बिल थकलं की पंप बंद. त्यात ८१-१९ चा हिशेब लावून घेतला. ८१ टक्के सरकारनं, १९ टक्के शेतकऱ्यानं. ही मागणी परिषदेतनंच पुढं रेटली. याला फंड म्हणायचं का काय म्हणायचं ते तुमी ठरवा.

कोर्टाची_पायरी

माणकाठ, यात वकिली कुठं बसते ते सांगतो, कारण ही बाजू सहसा कुणी सांगत नाही.

कृष्णेच्या पाण्याचा वाद बच्छावत लवादानं मिटवला. १९७६ च्या निवाड्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी आणि वर थोडं पुनरुद्भवाचं (सिंचनातून झिरपून नदीत परत येणारं) पाणी मिळालं. निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकेल, असंही त्यात होतं. तोपर्यंत जे वापरलं नाही त्यावरचा हक्क फेरविचारात डळमळेल, ही भीती त्यातून आली. म्हणून तर १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ काढून घाईघाईनं योजना सुरू कराव्या लागल्या.

आता बघा. "आम्ही तहानलेले आहोत, पाणी द्या" ही विनवणी झाली. "लवादानं राज्याला दिलेलं पाणी तुम्ही वापरलेलं नाही, मुदत जवळ आली, हे पाणी दुष्काळी तालुक्यांना द्या" हा दावा झाला. विनवणीला सरकार आश्वासन देतं. दाव्याला उत्तर द्यावं लागतं. आटपाडीच्या परिषदेची भाषा पहिल्यापासून दाव्याची होती. ती सगळी गणपतरावांचीच होती असं मी म्हणणार नाही, अण्णा आणि पाटणकर हे स्वतंत्र ताकदीचे लोक. पण तेरा तालुक्यांच्या त्या मागणीला विधानसभेत वर्षानुवर्षं कामकाजात आणणारा माणूस हवा होता आणि तो आत बसलेला होता.

पूर्वभाग

एवढं सगळं वाचलं. मान्य, अभ्यासू होते. पण बे, १९६२ पासून आमदार आणि पाणी आलं कैक दशकं उलटून गेल्यावर, थेंबथेंब. शेजारी माळशिरस, पंढरपूर बघा. तिथं सत्तेतले नेते, कारखाने, कालवे. सांगोल्यानं सत्तेतला माणूस दिला असता तर पाणी वीस वर्षं आधी आलं असतं, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर आहे? एखाद्याचं अपयश झाकायला त्याच्या तत्त्वांचं कौतुक करायचं ही आपली जुनी खोड.

माणकाठ_सांगोला

पूर्वभागदादा, प्रश्न रोखठोक हाय, आवडला. पण माळशिरसला कालवा नेत्यामुळं आला का उतारामुळं? नीरेचं पाणी तिथं इंग्रजांच्या काळापास्नं उतारानं जातं. आमच्याकडं पाणी चढवावं लागतं. ते चढवायची योजना कुठल्याच सत्तेवाल्यानं मनावर घेतली नव्हती, त्यांच्या पक्षाचा आमदार असो नसो. १९७२ ते ७४ आणि ९५ ते ९९ आबा नव्हते, तवा तरी कुठं काय धो धो आलं?

आकडेमोड

मधेच येतो, क्षमस्व. दोन गोष्टी तपासून लिहायला पाहिजेत, कारण गणपतरावांच्या नावावर व्हॉट्सअॅपवर वाटेल ते फिरतं.

एक, "देशात सर्वाधिक वेळा आमदार". करुणानिधी १३ वेळा निवडून आले, १९५७ ते २०१६, पण मतदारसंघ बदलत. केरळचे के. एम. मणी १९६५ पासून १३ वेळा, तेही एकाच पाला मतदारसंघातून. आणि मणीही वकीलच. गणपतराव महाराष्ट्रात अव्वल, यात वाद नाही, देशात नाही.

दोन, "पन्नास वर्षं आमदार". १९६२ ते २०१९ म्हणजे ५७. त्यातून १९७२-७४ आणि १९९५-९९ वजा करा. साधारण पन्नासच राहतात. हा आकडा खरा.

आणि एक गंमत. १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी हरले. २०१९ ला त्यांचे नातू डॉ. अनिकेत त्याच शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. ७६८ म्हणजे १९२ च्या बरोब्बर चौपट. याचा अर्थ काही नाही, पण सांगोल्यात लढत कशी असते हे कळतं. एवढ्या मतांत एखादं गावही नाही, गावातली एक वस्ती इकडची तिकडं झाली तरी निकाल फिरतो.

चटणीभाकरी

शहाजीबापू म्हणजे काय झाडी, काय डोंगार वाले ना? 😄

आकडेमोड

तेच. २०२२ ला गुवाहाटीतून. त्या एका फोनमुळं अख्ख्या महाराष्ट्राला सांगोल्याची बोली कळली. गणपतरावांनी पन्नास वर्षांत केलेल्या भाषणांतलं एक वाक्यसुद्धा तितकं पसरलं नाही.

अलिबागचा_पाहुणा

मी रायगडकडचा, नोकरीमुळं सध्या जुळे सोलापुरात. शेकापचा विषय म्हणून लिहितोय.

इथं सगळे एका माणसाबद्दल बोलताहेत. पक्षाकडं बघा. विधानसभेत शेकापचे १९६२ ला १५, १९६७ ला १९. मग १९७२ ला ७. १९७८ ला १३, १९८० ला ९, १९८५ ला पुन्हा १३. १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २, २००९ ला ४, २०१४ ला ३. नंतर दोन्ही वेळा एकेकच. एकीकडं माणूस निवडून येत राहिला, दुसरीकडं पक्ष आटत गेला. विरोधी पक्षनेतेपद पूर्वी शेकापकडं वारंवार असायचं. कृष्णराव धुळप, गणपतराव, आमच्या अलिबागचे दत्ता पाटील. दत्ता पाटीलही वकील. एन. डी. पाटीलसुद्धा कायदा शिकलेले. वकिलांचा पक्ष म्हणावा इतके वकील त्यात होते. त्यांचं कायद्याचं ज्ञान पक्ष वाढवायला का उपयोगी पडलं नाही?

माझा अंदाज असा की शेकाप हा चळवळीतून मागण्या उभ्या करणारा पक्ष. दुष्काळ, रोजगार, कापूस, जमीन. यातली एकेक मागणी सत्तेतल्या पक्षानं उचलली आणि आपल्या नावावर केली. मागणी मान्य झाली की मागणाऱ्याचं दुकान बंद. कोल्हापूर, सांगली, मराठवाड्यात हेच झालं. रायगड आणि सांगोला टिकले ते तिथं सहकार आणि माणसं हातात होती म्हणून.

माणकाठ_सांगोला

पाव्हणं, बरोबर बोललात. आमच्याकडं सूतगिरणी हाय. सांगोला तालुका शेतकरी सहकारी सूतगिरणी. राज्यातल्या बऱ्याच गिरण्यांना कुलूप लागलं, ही चालली. पोरांना काम, बायांना काम. विरोधी आमदाराची गिरणी म्हंजी सरकारी मेहेरबानीवर चालत न्हाई, हिशेब चोख ठेवायला लागतो, न्हाईतर चौकशी लावायला कुणी बसलेलाच असतो.

जुनी_फाइल

रोजगार हमीबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही. मी जिल्ह्यात महसूल खात्यात होतो, आता निवृत्त. हा भाग जवळून पाहिलाय.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं आता कमी उरली. सोलापूर जिल्ह्यात तेव्हा खडी फोडायच्या आणि पाझर तलावांच्या कामावर गावंच्या गावं लोटली होती. त्याच वर्षी गणपतराव विधानसभेला पडले होते. म्हणजे दुष्काळाच्या सगळ्यात वाईट काळात ते सभागृहात नव्हते, रस्त्यावर होते. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, ते काँग्रेसचे. पण त्यासाठी मोर्चे काढून सरकारच्या मागं लागणाऱ्यांत शेकाप आणि डावे पक्ष पुढं होते. पैसा उभा करायला १९७५ ला व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापायचं आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. आजही तुमच्या पगारपत्रकात तो कर दिसतो, तो कशासाठी लागला हे कुणाला माहीत नसतं.

कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तोवर काम काढणं ही कलेक्टरची मर्जी होती. कायद्यानं काय केलं? मजुरानं काम मागितलं आणि पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारभत्ता द्यायचा. भत्त्याची रक्कम किरकोळ होती, पण मजूर आता मागणारा झाला, मेहेरबानी घेणारा राहिला नाही. आमच्यासारख्या कारकुनांना हे बदललेलं वारं लगेच जाणवलं. पूर्वी मुकादम येऊन हात जोडायचा, नंतर अर्जाची पोच मागू लागला. ही पोच मागायला शिकवणारी माणसं लाल बावट्याचीच असायची.

कायदा झाला तेव्हा गणपतराव सभागृहात होते. वीसेक वर्षांनी ते त्याच खात्याचे मंत्री झाले. एखाद्या कायद्याची मागणी करायची, तो होताना आत असायचं आणि पुढं तो राबवायची खुर्ची मिळायची, असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

आणि सांगोल्याचं डाळिंब. ते नुसतं हवामानामुळं पिकलं नाही. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. खड्डा खणायची मजुरी, रोपं, खतं हे सगळं योजनेतून. कोरडवाहू माळावर बोर आणि डाळिंब उभं राहिलं ते तिथून. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, या सगळ्याची सुरुवात मजुरीच्या हजेरीपटावरून झालीय.

माणकाठ_सांगोला

जुनी_फाइल साहेब, हे वाचून बरं वाटलं. आमची पयली बाग फळबाग योजनेतलीच. आता तेल्यानं आणि मर रोगानं निम्म्या बागा काढून टाकल्यात तो विषय वेगळा.

करमाळ्याचा

१९७४ वरून आठवलं. सांगोल्यात गणपतराव पोटनिवडणूक जिंकले त्याच सुमारास आमच्या करमाळ्यातही पोटनिवडणूक होऊन सुशीलकुमार शिंदे पहिल्यांदा आमदार झाले. सोलापूरच्या कोर्टात शिपाई, मग फौजदार, मग कायद्याची पदवी, पुढं मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री. एकाच जिल्ह्यातली दोन कायदेवाली माणसं, एकाच काळात निघालेली. एकानं सत्तेचा रस्ता धरला, एकानं विरोधाचा. शिंदेसाहेब अर्थमंत्री होते, राज्यपाल होते, पण सोलापुरातच दोनदा लोकसभेला पडले (२०१४, २०१९). उलट गणपतरावांना सांगोल्याबाहेर कुणी फारसं ओळखत नव्हतं, सांगोल्यात मात्र घर होतं.

पूर्वभाग

हे "सांगोल्यात घर होतं" प्रकरण जातीच्या गणितावर पण बघा की. तालुक्यात धनगर समाज मोठा. ते त्या समाजाचे. हे कुणीच का लिहीत नाही?

आकडेमोड

लिहायला हरकत नाही, ते गणित आहेच. पण तेवढ्यानं भागत असतं तर १९७२ आणि १९९५ ला पडले नसते. जात तेव्हाही तीच होती.

कोर्टाची_पायरी

पूर्वभाग, तुम्ही धाग्याला शिस्त लावताय, त्याबद्दल धन्यवाद (खोचक नाही, खरंच). जात हा पाया असेल. एकसंध मतं पाठीशी असलेले नेते राज्यात पुष्कळ झाले, त्यातले बहुतेक ती मतं घेऊन सत्तेच्या दारात गेले. दहाव्या परिशिष्टाची, म्हणजे पक्षांतरबंदीची, सगळी निकालपत्रं मी गेली काही वर्षं वाचतोय. २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाचा शिवसेना प्रकरणातला निकाल आला, तोही शब्दन् शब्द वाचला. १९८५ ला तो कायदा आला तेव्हा गणपतराव आमदार होते. त्यांना त्या कायद्याची गरजच पडली नाही. पुढं त्याच मतदारसंघाचे आमदार शहाजीबापू त्या निकालातल्या बंडखोरांच्या गर्दीत होते, इतकं अंतर पडलं.

दयानंदचा_विद्यार्थी

नमस्कार सर्वांना. दयानंद लॉमध्ये तिसऱ्या वर्षाला आहे. गेले दोन दिवस नुसता वाचत होतो.

पायरीकाका, सरळ विचारतो. आमच्या वर्गात राजकारणात जायचंय म्हणणारी मुलं भरपूर आहेत, पण सगळ्यांना सत्तेवाल्या पक्षातच जायचंय. म्हणतात, विरोधात जाऊन केसेस अंगावर घ्यायच्या आणि वय घालवायचं. सोलापूरच्या सध्याच्या खासदार प्रणिती शिंदे कायद्याच्या पदवीधर आहेत आणि विरोधी बाकावर आहेत, पण त्यांना घराण्याचं बळ आहे. आमच्यासारख्याला काय? आणि सांगोल्यात तरी शेवटी नातूच आले ना, २०२४ ला डॉ. बाबासाहेब देशमुख?

पूर्वभाग

बरोबर विचारलंस बे. तत्त्वाचा माणूस आणि वारस नातू.

माणकाठ_सांगोला

नातू आले हे खरं. पण पयला नातू २०१९ ला पाडला बी आमीच. घराण्याला बी परीक्षा द्यायला लावली. २०२४ ला दुसऱ्याला निवडून दिला, त्यात शेकापचा राज्यातला एकमेव आमदार म्हणून बी एक ईर्षा व्हती.

कोर्टाची_पायरी

विद्यार्थीमित्रा, पक्ष कुठला निवडायचा ते मी सांगणार नाही. पण "विरोधात जाऊन काय करायचं" याचं काम सांगतो, आणि हे काम करायला आमदार असावं लागत नाही.

आपल्या महापालिकेचं अंदाजपत्रक घे. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं हे सगळे ओरडून सांगतात. उजनीपासून शहरापर्यंत पाइपलाइनसाठी कोणत्या वर्षी किती तरतूद झाली, किती खर्च पडला, किती परत गेला, हे तीन रकाने मांडणारा नगरसेवक मला सांग. माहिती अधिकार आहे, २००५ चा. गणपतरावांच्या पहिल्या तीन-चार दशकांत तोही नव्हता, माहिती बाहेर काढायची तर तारांकित प्रश्नच. तुला तो प्रश्न विचारायला निवडून यायची गरज नाही, दहा रुपयांचं तिकीट लावलं की झालं. उत्तर अर्धवट आलं की प्रथम अपील, तीस दिवसांच्या आत. हे तुला शिकवलंय.

दुसरं, उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापुरात बसू नकोस. एखाद्या तालुका कोर्टात जा, सांगोला, मंगळवेढा, करमाळा कुठंही. सातबारा वाचायला शीक. फेरफार, इतर हक्कातली नोंद, पीकपाणी. निवडणूक लढवायची असेल तर गावातल्या माणसाचं भांडण त्याच्या कागदावरून समजलं पाहिजे. ते आलं की तो पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षाचा असूनही तुझ्याकडंच येईल. विरोधी आमदाराकडं मतदार का जातात, याचं मला दिसलेलं उत्तर एवढंच आहे.

दयानंदचा_विद्यार्थी

मंगळवेढ्याला मामा आहेत. तिथं विचारतो. आणि गणपतरावांची सभागृहातली भाषणं वाचायची असतील तर कुठं मिळतील? यूट्यूबवर सगळे श्रद्धांजलीचे व्हिडिओ आहेत, त्यात फक्त एसटी आणि धोतर.

जुनी_फाइल

विधानसभेचं कामकाज शब्दशः छापलं जातं. विधानमंडळाचं ग्रंथालय मुंबईत विधानभवनात आहे, अभ्यासाचं कारण देऊन आधी परवानगी घे, कॉलेजचं पत्र ने. सरळ "गणपतराव देशमुख यांची भाषणं" मागू नकोस, कुणी शोधून देणार नाही. अधिवेशन आणि विषय धरून जा. रोजगार हमी विधेयक, १९७७. तिथून सुरू कर. उत्तर देणारा मंत्री काय म्हणाला तेही वाच, नुसतं एका बाजूचं वाचून येऊ नकोस.

पूर्वभाग

आणि वाचून आलास की इथंच टाक बे. चुकीचं निघालं तर आकडेमोड आहेतच.